हंडा केवढा असावा?

चार माणसांचा भात नित्य उत्तम करणारी गृहिणी लग्नघरी चारशे पानांच्या भाताला सहसा हात घालीत नाही. तेथे आचारीच लागतो. तांदूळ शंभरपट घेतले, पाणी शंभरपट ओतले, तरी भात तसाच उतरत नाही. तळाशी तो करपतो आणि वर कणी राहते. बियरचेही नेमके असेच आहे.

आपल्याकडे परवान्यावाचून बियर करण्यास मनाई आहे. अमेरिकेत मात्र १९७८ च्या कायद्याने घरच्यापुरती बियर करण्याची वाट मोकळी झाली, आणि तेथे हा छंद अनेकांनी जोपासला आहे. कृती दिसावयास सोपी. मोड आणून वाळविलेले जव भरडून सुमारे ६५ अंशांच्या पाण्यात तासभर भिजवावयाचे, गोड रस गाळून घ्यावयाचा, हॉप्सची कडू फुले घालून तो उकळावयाचा, निववावयाचा आणि यीस्ट घालून आंबू द्यावयाचा. वीस लिटरला सुमारे पाच किलो जव पुरतात. हे सारे चुलीवरच्या एका पातेल्यात होते.

आता पातेल्याची उंची आणि रुंदी दुप्पट करा. त्यात वीस नव्हे, एकशे साठ लिटर मावतील. परंतु उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग केवळ चौपट होईल. साऱ्या अडचणींचे मूळ येथे आहे. लहान पातेले थंड पाण्याच्या टोपात ठेवले की निवते. मोठा हंडा तसाच ठेवला तर रात्रभर कोमट राहतो, आणि कोमट गोड रस म्हणजे जंतूंना आयते आमंत्रण. म्हणून तांब्याची वेटोळी नळी आत सोडून तिच्यातून थंड पाणी खेळवावे लागते. आंबतानाही यीस्ट स्वतः उष्णता निर्माण करते. लहान भांड्यातून ती सहज निघून जाते. मोठ्या भांड्यात कोंडते आणि बियरला उग्र वास येतो. शिवाय चाळीस किलो जव भिजले की ऐंशी किलोंच्या घरात जातात. गुऱ्हाळावर काहील उतरविताना किती हात लागतात हे बेळगावकडच्या वाचकांना सांगावयास नको! मग पंप आला, नळ आले, आणि प्रत्येक नळाच्या आतून साफसफाई आली. यीस्ट मात्र पूर्वीइतकेच घालून भागत नाही. तेही आठपट हवे. हे पुष्कळजण विसरतात.

अशा रीतीने प्रत्येक मोठ्या हंड्यामागे नवे यंत्र, नवा खर्च आणि नवे हात उभे राहतात. तेव्हा हंडा कोठवर वाढवावा, हा प्रश्न छंदिष्टांपुरता उरत नाही. बेल्जियममधील वेस्टव्लेटेरेन येथील सेंट सिक्स्टस मठाला तो अनेक वेळा पडला आहे. हे ट्रॅपिस्ट संन्यासी १८३८-३९ च्या सुमारापासून बियर करीत आले आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी मागणी वाढत असतानाही आपली भट्टी लहानच ठेवली, आणि १९४६ साली जवळच्या वाटू गावातील एका भट्टीला आपली बियर करून विकण्याचा परवाना दिला. तो करार १९९२ मध्ये संपला. दरम्यान १९८९ च्या सुमारास मठाने नवे भट्टीघर उभारले होते. २००५ साली त्यांची एक बियर जगात सर्वोत्तम ठरविली गेली तेव्हा मठाच्या दारी मोटारींच्या रांगा लागल्या व साठा संपला. तरीही उत्पादन वाढविण्यास मठाने नकार दिला. त्या काळी ते वर्षाला सुमारे पाच लाख लिटर होते. मोठ्या कारखान्यांच्या मानाने हे अगदीच थोडे. उपासना आणि मठाचा निर्वाह यांना पुरेल तेवढेच श्रम, हा त्यांचा हिशेब. मला तो व्यवहारातही शहाणपणाचा वाटतो.

कारण दुसरीही बाजू आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्पेन्सर येथे सेंट जोसेफ मठाने युरोपबाहेरील पहिली ट्रॅपिस्ट भट्टी सुरू केली, आणि तीही प्रारंभापासूनच आधुनिक यंत्रांनी सज्ज व प्रशस्त. तिची बियर २०१४ मध्ये बाजारात आली. यंत्रे उत्तम होती. पण एवढ्या भट्टीचा खर्च निघण्यासाठी बियरही तेवढीच खपावी लागते. ती खपली नाही. २०२२ मध्ये मठवासीयांनी भट्टी बंद केली. त्या मठाच्या मुरंब्यांची ख्याती बियरच्या कितीतरी आधीची होती.