ठगाचा कबुलीजबाब, साहेबाची सत्ता
फिलिप मेडोज टेलर यांची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी १८३९ मध्ये निघाली. तेव्हा आजचा यवतमाळ जिल्हा निजामाच्या वऱ्हाडात होता आणि टेलरही निजामाच्याच चाकरीत होते.

कादंबरीचा नायक अमीर अली. त्याच्या आईबापांना ठगांनी मारलं आणि त्यांच्याच म्होरक्यानं, इस्माईलनं, त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. पुढे अमीर स्वतः टोळीचा जमादार होतो. हुकमतीबरोबर माज चढतो आणि त्यानं मारलेल्यांत त्याची सख्खी बहीणही निघते. त्याहून बोलका आहे तो जालौनचा राजा. लुटीत वाटा घेऊन ठगांना आसरा देणारा हा माणूस एके दिवशी उलटतो आणि इस्माईलला हत्तीच्या पायी देतो.

अमीरचा कबुलीजबाब ऐकणाऱ्या इंग्रज साहेबाच्या सत्तेला मात्र टेलर एकही प्रश्न विचारत नाहीत. कादंबरीची खरी उणीव हीच. कारण ईस्ट इंडिया कंपनीच्या १८३६ च्या कायद्यानुसार ठगांच्या टोळीत असणं एवढंच जन्मठेपेला पुरे होतं (खून शाबित व्हायची गरज नव्हती!).

पुढे ही सत्ता टेलर यांच्याही हाती आली. निजामाशी झालेल्या १८५३ च्या तहानं फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड कंपनीकडे गेला. त्याच तहात कंपनीला मिळालेल्या नळदुर्गचा कारभार टेलर यांच्याकडे आला.