वसंतऋतु व आमच्या मंडळ्या

कल्याणाहून कर्जताकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं तीन नगरें एकामागून एक लागतात. उल्हासनगर हें जुन्या लष्करी छावणीच्या जागेवर, फाळणीनंतर सिंधहून आलेल्या निर्वासितांकरितां वसलें, व १९४९ सालीं त्यास आजचें नांव मिळालें. अंबरनाथचें शिवालय १०६० सालचें, शिलाहार राजांच्या वेळचें. परंतु आजची वस्ती कारखान्यांभोवतीं वाढलेली आहे. बदलापूर हें उल्हास नदीकांठचें जुनें गांव आतां रोज मुंबईस जाणाऱ्या-येणाऱ्या चाकरमान्यांचें नगर झालें आहे. अशा ठिकाणच्या शाळेंत एका बांकावर बसणाऱ्या मुलांचे धर्म, भाषा व मूळ गांवें निरनिराळीं असावयाचीं, हें उघड आहे. फाल्गुन-चैत्राच्या सुमारास एका घरीं पुरणपोळी होते, दुसऱ्या घरीं गुढी उभारितात, तिसऱ्या घरची मंडळी चेटीचंडच्या मिरवणुकीस जाते. आणि ह्याच दिवसांत ख्रिस्ती सोबती कधीं हातांत झावळी घेऊन चालतांना, कधीं भर दुपारीं तीन तास उपासनेस बसलेला, तर कधीं पहांटेस स्मशानभूमींत गाणें म्हणतांना दिसतो. हें काय, असें इतर मुलें त्यास विचारितात. त्यास स्वतःलाच नेहमीं उत्तर देतां येतें असें नाहीं. तें उत्तर थोडक्यांत द्यावें, हा ह्या लेखाचा हेतु आहे. आणि तें देतांना विशेषेंकरून प्रेसबिटेरियन परंपरेच्या मंडळ्यांकडे पाहावयाचें आहे, कारण त्यांच्या वसंतोत्सवाचा इतिहास कांहींसा चमत्कारिक आहे.

प्रथम नांवाचा अर्थ पाहूं. ग्रीक भाषेंत 'प्रेस्बुटेरॉस' म्हणजे 'वडील'. ज्या मंडळीचा कारभार एकटा धर्माधिकारी न पाहतां मंडळीनें निवडलेले वडील पाळकासह एकत्र बसून पाहतात, ती प्रेसबिटेरियन मंडळी. आपल्याकडील पंचांची कल्पना ज्यास आहे, त्यास ही रीत समजण्यास कठीण नाहीं. ह्या पंथाचा विशेष जोर स्कॉटलंडांत झाला. तेथील मिशननें १८२३ सालीं कोंकणांत बाणकोट येथें कार्य आरंभिलें. १८२९ सालीं डॉ. जॉन विल्सन मुंबईस आले, व त्यांच्या नांवाचें कॉलेज चौपाटीसमोर अद्यापि उभें आहे. दक्षिण महाराष्ट्रांत अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर हे १८५२ सालीं कोल्हापुरास आले. तेथील मिशन पुढें प्रेसबिटेरियन मंडळाकडे गेलें, व त्याच परंपरेंतील डॉ. विल्यम वॉनलेस ह्यांनीं १८९४ सालीं मिरजेचें इस्पितळ उघडलें. १९२४ सालीं उत्तर हिंदुस्थानांतील प्रेसबिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या एक झाल्या. आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूर येथें सहा मंडळ्यांच्या मिलनानें 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झालें. त्यामुळें 'प्रेसबिटेरियन' ही पाटी पुष्कळ ठिकाणीं आतां दिसत नाहीं. तथापि वडिलांनीं एकत्र बसून विचार करण्याची रीत राहिली आहे.

आतां चमत्कारिक गोष्ट ती ही कीं, ज्या स्कॉटिश लोकांपासून ही परंपरा आली, ते पुनरुत्थानाचा सण मुळींच पाळीत नसत! १५६० सालीं जॉन नॉक्स व त्यांचे सहकारी ह्यांनीं मंडळीच्या शिस्तीचें जें पुस्तक रचिलें, त्यांत शास्त्रांत आज्ञा नसलेले सण बंद करावे असें सांगितलें. प्रभुभोजन वर्षांतून चार वेळां, म्हणजे मार्च, जून, सप्टेंबर व डिसेंबर ह्या महिन्यांच्या पहिल्या रविवारीं व्हावें असें त्यांनीं ठरविलें. आणि पुनरुत्थानाच्या सणास लोक त्या विधीकडे भोळसट समजुतीनें धांवतात, म्हणून तो दिवस त्यांनीं जाणूनबुजून टाळिला. पुढें १६१८ सालीं राजा जेम्स ह्यानें पर्थ येथील सभेकडून पांच कलमें संमत करवून घेतलीं. त्यांतील एका कलमानें नाताळ, उत्तम शुक्रवार, पुनरुत्थानाचा दिवस इत्यादि सण पाळण्याची सक्ती झाली. लोकांनीं ती मनापासून मानिली नाहीं, व १६३८ सालीं ग्लासगो येथील महासभेनें तीं कलमें धुडकावून लाविलीं. सण वाईट म्हणून नव्हे, तर ईश्वरानें न सांगितलेली गोष्ट राजानें मनुष्याच्या सद्सद्विवेकबुद्धीवर लादूं नये म्हणून हा झगडा होता.

तर मग आमच्या मंडळ्यांत हा वसंतोत्सव आला कोठून? कोणा एकाच्या हुकुमानें तो आला नाहीं. एक चाल येथून, दुसरी तेथून अशा रीतीनें तो हळूहळू जमला. मंडळीस जें उपकारक वाटलें तें तिनें आपलेंसें केलें. आतां वर्षाच्या क्रमानें ह्या चाली पाहूं.

मार्च महिन्याच्या पहिल्या शुक्रवारीं स्त्रियांचा जागतिक प्रार्थनादिन असतो. ह्याचें मूळ मात्र खुद्द प्रेसबिटेरियन आहे. १८८७ सालीं अमेरिकेंतील मेरी एलन जेम्स ह्या प्रेसबिटेरियन बाईंनीं आपल्या देशांतील स्त्रियांस एक दिवस एकत्र प्रार्थना करण्याचें आवाहन केलें. त्याचाच विस्तार होऊन १९२७ सालापासून तो दिवस जगभर पाळूं लागले, व १९६९ सालापासून मार्चचा पहिला शुक्रवार कायम झाला. दरवर्षीं एका निराळ्या देशांतील स्त्रिया उपासनेचा क्रम लिहितात. २०२४ सालीं तो पॅलेस्टाइनच्या स्त्रियांनीं लिहिला, व २०२५ सालीं प्रशांत महासागरांतील कुक द्वीपांच्या स्त्रियांनीं. त्या दिवशीं निरनिराळ्या पंथांच्या स्त्रिया एका मंदिरांत जमतात. एरव्हीं ज्या आया रविवारीं भिन्न दारांनीं आंत जातात, त्या त्या दिवशीं एका सतरंजीवर बसतात.

त्यापूर्वींच बहुधा उपवासकाळ सुरू झालेला असतो. पुनरुत्थानाच्या रविवारापूर्वीं शेचाळीस दिवस भस्म बुधवार येतो. मधले सहा रविवार वगळले म्हणजे चाळीस दिवस उरतात; प्रभु येशूनें अरण्यांत केलेल्या चाळीस दिवसांच्या उपवासाची ती आठवण होय. आमच्या मंडळ्यांत उपवासाची सक्ती नाहीं. कोणी एक वेळचें जेवण सोडितो, कोणी चहा सोडितो, व वांचलेला पैसा गरिबांकरितां बाजूस ठेवितो. येथें मिझोराममधील प्रेसबिटेरियन घरांची एक चाल सांगण्यासारखी आहे. तेथें स्वयंपाक करितांना गृहिणी प्रत्येक वेळीं मूठभर तांदूळ मंडळीसाठीं निराळे काढून ठेवितात. ही चाल त्या वर्षभर पाळितात. थेंबाथेंबानें तळें कसें सांचतें, ह्याचें ह्याहून चांगलें उदाहरण मिळणें कठीण.

विद्यार्थ्यांस नेहमीं पडणारा प्रश्न असा कीं, नाताळ पंचवीस डिसेंबरास ठरलेला, मग हा सण दरवर्षीं कां सरकतो? ज्याच्या घरीं पंचांग आहे, त्यास हें लौकर समजेल. इ. स. ३२५ मध्यें निकिया येथें भरलेल्या परिषदेनें सर्व मंडळ्यांनीं हा सण एकाच रविवारीं पाळावा असें ठरविलें. पुढें रूढ झालेला नियम असा: २१ मार्च रोजीं अथवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येईल, तिच्या पुढचा रविवार. ही पौर्णिमा मंडळीच्या कोष्टकावरून धरितात, म्हणून आकाशांतील पौर्णिमेहून क्वचित् एखाद्या दिवसाचा फरक पडतो. ह्या नियमानें सण २२ मार्चच्या आधीं व २५ एप्रिलच्या नंतर कधींही येत नाहीं. २५ एप्रिल ही तारीख १९४३ सालीं आली होती, व पुन्हां २०३८ सालीं येईल. आपल्या पंचांगाशीं ताडून पाहिल्यास बहुधा ती चैत्री पौर्णिमा असते, व कधीं कधीं होळीची. २०२४ सालीं होळीनंतरच्या रविवारीं, ३१ मार्च रोजीं, हा सण आला. २०२५ सालीं चैत्री पौर्णिमा १२ एप्रिल रोजीं शनिवारीं होती, परंतु मंडळीच्या कोष्टकांतील पौर्णिमा १३ तारखेस, खुद्द रविवारींच पडल्यामुळें सण पुढच्या रविवारीं, २० एप्रिल रोजीं झाला. शेजाऱ्याची होळी किंवा हनुमानजयंती व आपला सण एकाच चंद्रावर मोजले जातात, हें ध्यानीं घेतल्यास परस्परांविषयीं आपुलकी वाढेल.

सणाच्या आधींचा रविवार तो झावळ्यांचा रविवार. येरुशलेमांत येशूचा प्रवेश झाला तेव्हां लोकांनीं झावळ्या घेऊन त्याचें स्वागत केलें, त्याची ही स्मृति. आमच्या भागांत नारळीच्या किंवा शिंदीच्या झावळ्या मिळतात. त्या आणणें, धुणें, कापणें व लहान मुलांस वांटणें हें काम तरुणांचें.

त्याच आठवड्यांतील उत्तम शुक्रवारीं दुपारीं बारापासून तीनपर्यंत उपासना चालते, व वधस्तंभावरील प्रभूच्या सात उद्गारांवर सात वक्ते बोलतात. ही तीन तासांची उपासना प्रेसबिटेरियन नव्हे, इतकेंच नव्हे तर प्रॉटेस्टंटही नव्हे. पेरू देशांतील लिमा शहरांत सतराव्या शतकाच्या अखेरीस आलोन्सो मेसिया नांवाच्या जेझुइट धर्मगुरूंनीं ती सुरू केली. तेथून ती रोमन कॅथलिक देशांत पसरली, पुढें इतर पंथांनींही उचलिली, व आज आमचे वडील तीच आपली म्हणून चालवितात. सातांपैकीं एखादा उद्गार गृहिणीकडे, एखादा कारखान्यांतील कामगाराकडे, एखादा कॉलेजच्या विद्यार्थ्याकडे दिला जातो, ही मात्र वडिलांच्या रीतीची देणगी समजावी. कारण जेथें कारभार सर्वांचा, तेथें साक्षही सर्वांची.

रविवारीं सूर्योदयापूर्वीं प्रभातफेरी निघते. झांजा, टाळ व मृदंग घेऊन मंडळी गात गात जाते, व पुष्कळ ठिकाणीं स्मशानभूमींत थांबते. आदल्या दिवशीं थडगीं झाडून, धुऊन, फुलें वाहून ठेविलेलीं असतात. मृतांच्या मध्यें उभें राहून पुनरुत्थानाची घोषणा करण्याची ही चाल जर्मनींतील हेर्नहूट येथील मोरेव्हियन तरुणांनीं १७३२ सालीं आरंभिली. परंतु टाळ-मृदंग जर्मनींतले नव्हेत! स्कॉटिश मंडळ्यांत तर पूर्वीं वाद्याविना केवळ स्तोत्रसंहितेंतील स्तोत्रें गात असत. भजनाचा हा साज आमचा, महाराष्ट्राचा. १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांनीं ओवी-अभंगांच्या वळणावर ख्रिस्ती भक्तिगीतें रचिलीं. टिळक प्रेसबिटेरियन नव्हते. तरी त्यांचीं गीतें आमच्या मंडळ्यांनीं निःसंकोच उचलिलीं.

नंतर परीक्षा संपतात, व मे महिन्यांत सुट्टींतील शास्त्रशाळा भरते. ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंत निघाली. गाणीं, गोष्टी, चित्रें व हस्तव्यवसाय ह्यांत आठवडा कसा जातो तें मुलांस कळत नाहीं. शिकविणारे बहुतेक त्याच मंडळींतील थोरले विद्यार्थी असतात; ज्यास गेल्या वर्षीं शिकविलें, तो यंदा शिकवितो.

येथवर वाचल्यावर एक गोष्ट वाचकांच्या ध्यानीं आली असेल. झावळी येरुशलेमची, उपासना लिमाची, पहांटेचें गाणें हेर्नहूटचें, टाळ महाराष्ट्राचा, व कारभाराची रीत स्कॉटलंडची. ह्यांतील कांहींही आमच्यावर लादलेलें नाहीं. परंतु ह्याचीच दुसरी बाजू अशी कीं, जी गोष्ट सक्तीनें आली नाहीं ती सक्तीनें टिकतही नाहीं. ज्या वर्षीं झावळ्या आणावयास कोणी गेलें नाहीं, त्या वर्षीं झावळ्या नसतील; कोणी राजा येऊन कां नाहीं म्हणून विचारणार नाहीं. गांवीं असतांना निदान आजी-आजोबांच्या तोंडून गाणीं कानावर पडत. येथें एक कुटुंब कोल्हापुरचें, एक नगरचें, एक केरळचें. बाप सकाळच्या गाडीनें जातो तो रात्रीं परततो. आणि उपवासकाळ नेमका शालांत परीक्षेच्या दिवसांत येतो. मुलानें अभ्यास सोडून प्रभातफेरीच्या तालमीस जावें असें कोणताही शिक्षक म्हणणार नाहीं. परंतु परीक्षा संपल्यावरही त्यास न पाठविणें, हा अभ्यासाचा प्रश्न नव्हे, संवयीचा आहे.

म्हणून पालकांस विनंति अशी कीं, वर्षांतून निदान एक काम मुलाच्या अंगावर टाकावें: आजोबांचें थडगें झाडणें, एक भजन पूर्ण पाठ करणें, किंवा शास्त्रशाळेंत लहानांच्या वर्गास मदत करणें. आणि विद्यार्थीमित्रांनो, तुमचा हिंदु, शीख अथवा मुसलमान सोबती 'हें काय?' म्हणून विचारील तेव्हां त्यास नीट उत्तर द्या, व त्याच्या सणाविषयीं तितक्याच आदरानें विचारा. आमच्या मंडळ्यांचा कारभार वडिलांच्या हातीं आहे खरा. पण आजचे वडील कालचीं मुलें होतीं, व झावळ्या वांटतां वांटतांच तीं वडील झालीं.