पुरस्कारप्राप्त सरकारी माध्यमिक शाळांची तुलना : कर्नाटकातील अनुभव

कर्नाटकात दहावीच्या परीक्षेचा, म्हणजे एस.एस.एल.सी.चा, निकाल बेंगळूरहून जाहीर होतो. त्याबरोबर जिल्ह्यांची क्रमवारी प्रसिद्ध होते आणि शंभर टक्के निकाल लावणाऱ्या शाळांची संख्या सरकारी, अनुदानित व विनाअनुदानित अशा तीन गटांत दिली जाते. ज्यांचा एकही विद्यार्थी उत्तीर्ण झाला नाही अशा शाळांचा आकडाही त्याच पत्रकात असतो. पुढे काही दिवसांतच पहिल्या गटातील शाळांच्या दारावर अभिनंदनाचे कापडी फलक लागतात आणि उरलेल्या शाळांच्या मुख्याध्यापकांना खुलासा लिहावा लागतो. पालक हे फलक पाहून मुलांची नावे घालतात. पटसंख्या घसरली की लहान सरकारी शाळेचे अस्तित्वच धोक्यात येते. तेव्हा एका राज्यातील दोन गौरवप्राप्त शाळांपैकी अधिक चांगली कोणती, या प्रश्नावर गावातील एकुलती एक शाळा राहणे वा न राहणे अवलंबून असू शकते.

शाळेचा गौरव नेमका कशासाठी झाला, हे प्रथम पाहिले पाहिजे. केंद्र शासनाने २०१६ साली सुरू केलेला स्वच्छ विद्यालय पुरस्कार पाणी, स्वच्छतागृहे, साबणाने हात धुण्याची सोय, देखभाल आणि सवयींतील बदल यांसाठी दिला जात असे. गणिताचे अध्यापन कसे चालते याच्याशी त्याचा संबंध नव्हता, आणि तसा दावाही तो करीत नव्हता. बेंगळूरहून निघणाऱ्या ‘एज्युकेशनवर्ल्ड’ या मासिकाच्या वार्षिक क्रमवारीत सरकारी शाळांचा स्वतंत्र गट असतो. परंतु तिचा आधार पालक, शिक्षक व मुख्याध्यापक यांनी व्यक्त केलेली मते हा आहे. म्हणजे तेथे मोजली जाते ती शाळेची कीर्ती. कीर्ती ही निरर्थक वस्तू नव्हे, पण ती जुन्या व शहरी शाळांच्या बाजूने झुकलेली असते, कारण खेड्यातील शाळेचे नाव मत देणाऱ्याच्या कानावर गेलेलेच नसते. या तिन्ही गौरवांना एकच शब्द लावून शाळांची तुलना करणे म्हणजे शेर आणि हात ही मापे एकत्र मिळविण्यासारखे आहे.

सर्वांत वजनदार मानला जातो तो अर्थातच परीक्षेचा निकाल. पहिल्या भाषेचे १२५ आणि इतर पाच विषयांचे प्रत्येकी १००, असे एकूण ६२५ गुण. सर्व राज्यास एकच प्रश्नपत्रिका, एकच वेळापत्रक. यापेक्षा निःपक्षपाती माप दुसरे कोणते, असे कोणासही वाटेल. परंतु अलीकडील तीन-चार वर्षांच्या इतिहासाने या विश्वासास चांगलाच धक्का दिला आहे.

२०२१ साली महामारीमुळे परीक्षा दोन दिवसांत, बहुपर्यायी प्रश्नांच्या आधारे घेण्यात आली आणि जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी उत्तीर्ण झाला. त्या वर्षीच्या निकालावरून शाळांत भेद करणे शक्यच नव्हते. २०२३ साली राज्याचा निकाल ८३.८९ टक्के लागला. जिल्ह्यांत चित्रदुर्ग पहिला, मंड्या दुसरा आणि हसन तिसरा आला. वर्षानुवर्षे अग्रभागी राहिलेले उडुपी व दक्षिण कन्नड हे किनारपट्टीचे जिल्हे अठराव्या-एकोणिसाव्या क्रमांकापर्यंत खाली गेले. या उलथापालथीची अनेक कारणे त्या वेळी सुचविण्यात आली. पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, परीक्षेच्या खोल्यांत कॅमेरे बसवून त्यांचे थेट चित्रण देखरेख कक्षात पाहण्याची व्यवस्था झाली. निकाल ७३.४० टक्क्यांवर आला, तोही सवलतीचे गुण सढळ हाताने दिल्यानंतर. ते दिले नसते तर निम्म्याहून थोडेच अधिक विद्यार्थी उत्तीर्ण झाले असते. आणि क्रमवारी? उडुपी पहिला, दक्षिण कन्नड दुसरा. हसन पहिल्या दहांत टिकून राहिला, पण चित्रदुर्ग यादीत फार खाली उतरला.

एका वर्षात एखाद्या जिल्ह्यातील शेकडो शिक्षकांचे अध्यापन बिघडत नाही, तसेच दुसऱ्या जिल्ह्यातील शिक्षकांचे एकाएकी सुधारतही नाही. बदलली होती ती देखरेख. यावरून २०२३ सालचा प्रत्येक उत्तम निकाल खोटा होता असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. हसनचे उदाहरण त्याच्या विरुद्धच साक्ष देते. पण मोजण्याची अट बदलताच ज्या शाळेचा क्रम बदलतो तिचा गौरव, आणि अट बदलूनही जिचा क्रम टिकतो तिचा गौरव, हे दोन्ही एका तागडीत घालता येणार नाहीत. त्यामुळे शाळा निवडताना एका वर्षाचा फलक न पाहता २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांचे निकाल शेजारी मांडून पाहणे हीच एक सोपी व उपयुक्त कसोटी ठरते.

दुसरा मुद्दा प्रवेशाचा. ‘सरकारी माध्यमिक शाळा’ या एका नावाखाली कर्नाटकात निरनिराळ्या जातीच्या संस्था नांदतात. शैक्षणिकदृष्ट्या मागास तालुक्यांतील आदर्श विद्यालये आणि मोरारजी देसाई यांच्या नावाच्या निवासी शाळा सहावीसाठी प्रवेश परीक्षा घेतात. केंद्राच्या नवोदय विद्यालयांचेही तसेच आहे. १९८५-८६ साली हरियाणातील झज्जर आणि महाराष्ट्रातील अमरावती येथे त्यांचा प्रारंभ झाला, तेव्हापासून निवड हे त्या योजनेचे अंगच आहे. याउलट गावच्या साध्या सरकारी हायस्कुलास दारात येईल त्या मुलाला घ्यावे लागते. निवडलेल्या मुलांच्या शाळेचा निकाल उत्तम लागला तर त्यात शाळेचा वाटा किती आणि चाळणीचा किती, हे टक्केवारी सांगत नाही.

हा प्रश्न जगभर चर्चिला गेला आहे. १९६६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या कोलमन अहवालाने असे दाखविले की, विद्यार्थ्यांच्या यशातील फरकाचा मोठा भाग शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या परिस्थितीशी निगडित असतो. त्यावर ‘मग शाळेने काय फरक पडतो?’ असा निराशेचा सूर निघाला. त्याला उत्तर मिळाले ते मायकेल रटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमधील बारा माध्यमिक शाळांचा अभ्यास करून १९७९ साली मांडलेल्या निष्कर्षांतून. येणारी मुले कशी होती हे हिशेबात धरूनही शाळाशाळांत अंतर उरत होते. आणि त्या अंतराचा संबंध इमारतीशी नव्हता, तर तास वेळेवर सुरू होणे, गृहपाठ देऊन तो तपासला जाणे, मुलांवर जबाबदारी सोपविणे अशा अगदी साध्या गोष्टींशी होता. इंग्लंडने १९९२ पासून शाळांचे निकाल कोष्टकरूपाने छापले, आणि दहा वर्षांच्या आतबाहेर मुलाची पूर्वीची पातळी धरून प्रगती मोजण्याची पद्धत त्याला जोडावी लागली. अमेरिकेतील ‘ब्लू रिबन’ पुरस्काराने उच्च निकालाच्या शाळा आणि मागासलेल्या मुलांमधील अंतर कमी करणाऱ्या शाळा असे दोन गट केले होते. १९८२ पासून चालत आलेली ती योजना केंद्रीय पातळीवर २०२५ मध्ये बंद करण्यात आली.

संख्येचाही एक खेळ आहे. समजा, एका शाळेतून बारा मुले परीक्षेस बसली. एक जण अनुत्तीर्ण झाला तर निकाल ९१.६७ टक्के, कोणीच झाला नाही तर शंभर. दोनशे चाळीस मुलांच्या शाळेत एकाच्या अपयशाने अर्धा टक्काही हलत नाही. म्हणून शंभर टक्क्यांच्या यादीत आणि शून्याच्या यादीतही लहान शाळांची गर्दी होणे हे गणिताच्या स्वभावास धरूनच आहे.

बेळगाव जिल्ह्यातील मराठी माध्यमाच्या सरकारी शाळांच्या बाबतीत हे विशेष ध्यानात ठेवावे लागते. खानापूर तालुक्याच्या जंगलपट्टीत वस्त्या विरळ, म्हणून वर्गही लहान. शिवाय येथील विद्यार्थी पहिली भाषा म्हणून मराठी घेतो, पण २०१५ च्या कन्नड भाषा अध्ययन कायद्यानंतर राज्यातील प्रत्येक मुलास कन्नड शिकणे आवश्यक झाले आहे. बेंगळूरच्या बसवनगुडीतील मुलाला जी भाषा घरी, बसमध्ये, बाजारात ऐकू येते, ती खानापूरच्या मुलाला बहुधा वर्गातच भेटते. दोघांच्या गुणपत्रिकेवर मात्र तिचे रकाने सारखेच असतात. कन्नड शिकविण्याबद्दल ही तक्रार नव्हे. राज्यभाषा येणे त्या मुलाच्या हिताचेच आहे. पण त्याच्या शाळेने अधिक अंतर तोडलेले असते, आणि क्रमवारीत त्या अंतराला जागा नाही.

सर्वांत अवघड आणि सर्वांत कमी बोलला जाणारा मुद्दा नववीचा आहे. शिक्षणहक्क कायदा आठवीपर्यंतच लागू असल्याने त्यानंतर शाळेचे हात मोकळे होतात. कच्च्या मुलाला नववीत थांबविणे, दाखला घेऊन जाण्यास सुचविणे, किंवा खाजगी उमेदवार म्हणून बसविणे, या वाटांनी दहावीचा निकाल एकही तास अधिक न शिकविता वर चढतो. जी शाळा अशा मुलाला धरून ठेवते, जानेवारीपासून सकाळी लवकर बोलावून शिकविते आणि तरीही दोन जण अनुत्तीर्ण झाल्यामुळे गौरवाच्या यादीतून वगळली जाते, तिच्यावरचा अन्याय निकालपत्रकात कोठेच दिसत नाही.

तो दिसावा असे वाटत असेल, तर साधन उपलब्ध आहे. देशातील प्रत्येक शाळेला ‘यूडायस’चा अकरा अंकी क्रमांक आहे आणि इयत्तावार पटसंख्या त्याखाली नोंदविली जाते, २०२२-२३ पासून तर ही नोंद प्रत्येक विद्यार्थ्यागणिक ठेवली जाते. दोन वर्षांपूर्वी आठवीत किती मुले होती आणि त्यांतील किती यंदा दहावी उत्तीर्ण झाली, हा एक भागाकार करण्यास विशेष विद्वत्ता लागत नाही. पन्नासांपैकी तीसच परीक्षेपर्यंत पोहोचून तीसही उत्तीर्ण झाले, तर फलकावर शंभर टक्के लिहिले जातात आणि भागाकार साठ दाखवितो. पन्नासांपैकी अठ्ठेचाळीस पोहोचून बेचाळीस उत्तीर्ण झालेल्या शेजारच्या शाळेचा निकाल साडेसत्त्याऐंशी टक्के, आणि भागाकार चौऱ्याऐंशी.