दक्षिण ध्रुवप्रदेशांतील चिलट

दक्षिण ध्रुवप्रदेशाचें नांव निघालें कीं पेंग्विन पक्षी आणि सील हे प्राणी आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात. परंतु ह्या दोघांसही त्या भूमीचे खरे रहिवासी म्हणतां येत नाहीं. त्यांचें अन्न समुद्रांत. जमिनीवर अगर बर्फावर ते येतात ते विसाव्यापुरते आणि पिलांपुरते. जन्मापासून मरणापर्यंत केवळ तेथील जमिनीवरच राहणाऱ्या प्राण्यांत सर्वांत मोठा कोण, असा प्रश्न कोणीं केला तर त्याचें उत्तर ऐकून वाचकांस हंसूं येईल. तो मान एका चिलटाचा आहे! त्याची लांबी २ ते ६ मिलिमीटर, म्हणजे फार झालें तर तांदळाच्या दाण्याएवढी.

शास्त्रज्ञांनीं ह्या कीटकास 'बेल्जिका अंटार्क्टिका' असें नांव दिलें आहे. १८९७ सालीं आद्रिआँ द जेर्लाश ह्या बेल्जियन दर्यावर्दीच्या नेतृत्वाखालीं 'बेल्जिका' नांवाचें जहाज दक्षिणेकडे निघालें. पुढील वर्षीं तें बर्फांत अडकलें आणि त्यावरील मंडळींस ध्रुवप्रदेशांतील संबंध हिवाळा तेथेंच कंठावा लागला. ह्या सफरीवर एमिल राकोवित्सा नांवाचे रुमानियन प्राणिशास्त्रज्ञ होते. त्यांनीं जमविलेल्या नमुन्यांत हें चिलट होतें, आणि जहाजाचेंच नांव त्यास मिळालें.

ह्या चिलटास पंख नाहींत. जेथें वारा सदा सोसाट्याचा, तेथें पंख असणें म्हणजे समुद्रांत उडून जाण्यास आमंत्रणच. म्हणून ते नाहींसे झाले असावेत, असा तर्क आहे. त्याचें आयुष्य सुमारें दोन वर्षांचें. पण त्यांतील जवळजवळ सर्व काळ अळीच्या स्थितींत, शेवाळांत व ओलसर मातींत जातो. प्रौढ कीटक उन्हाळ्यांत बाहेर पडतो आणि फार तर दहा दिवस जगतो. तेवढ्यांत मादी अंडीं घालते व त्यांभोंवतीं एक चिकट लेप चढविते. त्या लेपामुळें अंडीं सुकत नाहींत, आणि अंड्यांतून निघालेल्या अळ्यांचें पहिलें अन्नही तोच होतो. आपलीं मुलें पाहण्यास जी जगणार नाहीं, त्या आईनें बांधून ठेवलेली ही शिदोरीच होय.

अळीपुढें दोन हिवाळे उभे असतात. पाणी गोठलें म्हणजे त्याचे अणकुचीदार स्फटिक शरीरांतील पेशी फाडतात, हें कडाक्याच्या थंडीचें खरें भय. त्यावर अळीचा उपाय आपल्या घरांतील वाळवणासारखा आहे. आपण पापड-सांडगे वाळवितों ते उन्हांत. ही अळी वाळते ती बर्फांत. भोंवतालचा बर्फ तिच्या अंगांतील पाणी हळूहळू ओढून घेतो, उरलेला रस दाट होतो, आणि दाट रस सहज गोठत नाहीं. शिवाय ती अंगांत एक प्रकारची शर्करा सांठविते. त्या शर्करेनें पेशींचें रक्षण होतें. शरीरांतील शेंकडा ७० भाग पाणी गेलें तरी ही अळी मरत नाहीं. पाणी मिळतांच पुन्हां वळवळूं लागते. आणि अंग गोठलेंच, तरी उणे १५ अंश शतमानापर्यंत ती तग धरूं शकते. तिच्यावर बर्फाची जाड गोधडी असतेच. त्या गोधडीखालीं उष्णमान सहसा उणे १० अंशांच्या खालीं उतरत नाहीं.

इतक्या कडेकोट बंदोबस्तानें राहणाऱ्या जिवास थंडीचें भय फारसें उरलें नाहीं. भय उरलें आहे तें उबेचें. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत ह्या अळ्या सहा महिने उणे ५, उणे ३ आणि उणे १ अंश अशा तीन उष्णमानांत ठेवण्यांत आल्या होत्या. सर्वांत उबदार जागीं ठेवलेल्या अळ्या अधिक मेल्या. ज्या जगल्या त्यांची हालचाल मंदावली व अंगांतील अन्नाचा सांठाही घटला. ह्याचें कारण कोणत्याही गृहिणीस तत्काळ पटेल. कडक थंडींत शरीराचा व्यापार मंद चालतो, म्हणून थोडकी बेगमी हिवाळाभर पुरते. ऊब वाढली कीं खर्च वाढतो, आणि नवें अन्न तर वसंतापर्यंत मिळत नाहीं. दोन अंशांचा फरक आपणांस कळणारही नाहीं. त्या इवल्याशा कोठारास मात्र तो महाग पडतो.

हें चिलट ज्या अंटार्क्टिक द्वीपकल्पावर राहतें, तेथील उष्णमान विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सुमारें ३ अंशांनीं वाढलें. उन्हाळा लांबल्यास अळी अधिक दिवस चरून हिवाळ्याची तूट भरून काढील, अशी आशा धरण्यास जागा आहे. परंतु ती आशा फोल ठरली, तर ह्या प्राण्यास दुसरा मार्ग दिसत नाहीं. पंख टाकून ज्यानें एका जागेशीं इमान राखलें, त्यास ती जागाच बदलूं लागली म्हणजे उडून जाण्याची सोय उरत नाहीं.