आधी बूट, मग रॅकेट

१८७०च्या दशकात पुण्याच्या लष्करी छावणीतील इंग्रज अधिकाऱ्यांनी ज्या खेळाचे नियम ठरवले आणि जो काही काळ ‘पूना’ याच नावाने ओळखला जाई, तो बॅडमिंटन आज महाराष्ट्रातील जवळपास प्रत्येक शहरात पहाटे दिवे लावून खेळला जातो. क्रीडा संकुलांत आणि गृहसंकुलांच्या क्लब हाऊसमध्ये तासाच्या भाड्याने कोर्ट मिळते. तेथे जमणाऱ्यांत चाळिशी ओलांडलेले लोक पुष्कळ दिसतात. कॉलेजात कधीतरी खेळलेला, नंतर वीस वर्षे खुर्चीत घालवलेला आणि ‘काहीतरी व्यायाम करा’ असे डॉक्टरांनी बजावल्यावर पुन्हा रॅकेट हाती घेणारा हा वर्ग. त्याच्या खरेदीचा क्रम बहुधा ठरलेला असतो. आधी महागडी रॅकेट, मग तिची पिशवी, मग टी-शर्ट. बूट मात्र वेगळे घ्यावेत असे त्याला वाटत नाही. सकाळी फिरायला जाण्याचे बूट घरात असतातच. हा क्रम उलटा करायला हवा.

त्याचे कारण खेळाच्या स्वरूपात आहे. बॅडमिंटनचे कोर्ट लांबीला १३.४० मीटर आणि दुहेरीसाठी रुंदीला ६.१० मीटर असते. त्यातले निम्मेच आपल्या वाट्याचे. एवढ्याशा जागेत सरळ धावण्याचा प्रसंग फारसा येतच नाही. दोन पावले बाजूला, एक लांब झेप पुढे, तेथे अचानक थांबणे आणि लगेच उलट्या पावली मागे, असे सारखे चालू राहते. शरीराचा वेग रोखण्याचा सारा ताण घोटा, गुडघा आणि पोटरी यांच्यावर पडतो, तोही बहुतेक वेळा आडव्या दिशेने.

धावण्याचा बूट नेमका याच कामासाठी बनवलेला नसतो. टाचेवर टेकायचे आणि चवड्यावरून पुढे जायचे, एवढीच हालचाल गृहीत धरून तो घडवतात. म्हणून त्याची टाच उंच व मऊ असते, आणि वरचे कापड हवेशीर पण लेचेपेचे. असा बूट घालून बाजूला झेप घेतली की पाय बुटाच्या आत सरकतो, मऊ तळ एका कडेला दबतो आणि उंच टाचेमुळे घोटा बाहेरच्या अंगाला कलंडतो. कोर्टवरच्या बुटाची रचना वेगळी असते. तळ चपटा, जमिनीलगत आणि चवड्याकडे रुंद. खाली लाकडी किंवा सिंथेटिक पृष्ठभागाला धरून राहणारे मऊ रबर. आणि बाजूंना पाय जागच्या जागी ठेवणारी मजबुती.

दुकानात ‘नॉन-मार्किंग’ असे लिहिलेला कोणताही बूट बॅडमिंटनचा म्हणून पुढे केला जातो. या शब्दाचा अर्थ बुटाचा डाग जमिनीवर पडत नाही, इतकाच. तो जमिनीच्या सोयीचा गुण झाला, पायाच्या नव्हे. बूट हातात घेऊन पाहावा. टाचेभोवतीचा भाग बोटांनी सहज चेपता कामा नये. दोन्ही टोके धरून पिळला तर तो फडक्यासारखा पिळवटू नये. वाकावा तो बोटांच्या मुळाशी, मध्यावर नव्हे. पाय दिवसभरात थोडे सुजतात, म्हणून खरेदी संध्याकाळी करावी आणि खेळताना वापरायचे जाड मोजे सोबत न्यावेत. दोन्ही पायांत बूट घालून दुकानातच आडव्या चार उड्या माराव्यात. विक्रेता हसला तर हसू द्यावा. स्क्वॉशचे बूट बॅडमिंटनला चालतात. टेनिसचे बूट धावण्याच्या बुटांपेक्षा बरे, पण सिमेंटच्या कोर्टसाठी बनवलेले असल्याने जड असतात. घेतलेले बूट रस्त्यावर वापरू नयेत. धुळीने रबराची पकड जाते आणि गुळगुळीत झालेला तळ घसरतो.

बूट चांगला असला म्हणून सर्व दुखापती टळतात असे मात्र नाही. घोटा मुरगळणे ही नेहमीची दुखापत. पाऊल आतल्या बाजूला वळते आणि घोट्याबाहेरचे अस्थिबंध ताणले जातात किंवा फाटतात. अशा वेळी ‘चालून मोकळा कर’ हा आपल्याकडचा लाडका सल्ला मानू नये. चोळून तेल लावणे तर पहिल्या दोन दिवसांत वर्ज्यच. फडक्यात गुंडाळलेला बर्फ, घट्ट पट्टी आणि पाय उंचावर ठेवून विश्रांती, एवढे पुरे. चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर असह्य दुखत असेल, तर त्याच दिवशी एक्स-रे काढावा. सूज उतरल्यावर एका पायावर उभे राहून तोल सांभाळण्याचा व्यायाम काही आठवडे केला नाही, तर तोच घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता वाढते. दात घासताना होणारा हा व्यायाम लोक का टाळतात, ते कळत नाही.

अधिक गंभीर, आणि चाळिशीतल्या पुरुषांच्या बाबतीत विशेष काळजीची, दुखापत म्हणजे अकिलीस कंडरा तुटणे. पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाशी जोडणारी ही शरीरातील सर्वांत जाड कंडरा. टाचेच्या थोडे वर तिचा रक्तपुरवठा मुळातच कमी असतो आणि वयाबरोबर तिची लवचिकता घटते. मागे गेलेला खेळाडू जाळ्याजवळ पडणारे फूल उचलायला एकदम पुढे उसळतो, तेव्हा तिच्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट ताण येतो. ‘पाठीमागून कोणीतरी लाथ मारली’ असे बहुतेक रुग्ण सांगतात. वळून पाहावे तर मागे कोणी नसते. फसगत पुढे होते. वेदना लवकर ओसरते, लंगडत का होईना चालता येते आणि साधा लचका समजून माणूस घरी जातो. रुग्णाला पालथे झोपवून पोटरी दाबावी. पाऊल हलले नाही तर कंडरा तुटली असे समजून अस्थिरोगतज्ज्ञ गाठावा. पहिल्या दिवसांत प्लास्टर किंवा शस्त्रक्रिया यांनी ती चांगली जुळते, पण दोन महिने वाया गेल्यावर उपचार फार अवघड होतात. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या वर्गातील प्रतिजैविकांमुळेही कंडरा तुटण्याचा धोका वाढतो. तसा ठळक इशारा या औषधांवर छापण्याचा आदेश अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००८ साली दिला. पोटाच्या किंवा लघवीच्या संसर्गासाठी ही औषधे आपल्याकडे सर्रास दिली जातात. ती चालू असताना, आणि नंतरही डॉक्टरांना विचारल्यावाचून, कोर्टवर उतरू नये.

गुडघ्याच्या अस्थिबंधाची दुखापत तर कसलेल्या खेळाडूंनाही सोडत नाही. पुलेला गोपीचंद यांचा गुडघा १९९४ साली पुण्यातील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत दुहेरीचा सामना खेळताना दुखावला. शस्त्रक्रियांनंतर त्यांनी २००१ साली ऑल इंग्लंड अजिंक्यपद मिळवले. स्पेनची ऑलिंपिक विजेती कॅरोलिना मारिन हिचा उजवा गुडघा २०१९ साली, डावा २०२१ साली आणि पुन्हा उजवा २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात निकामी झाला. त्यांच्या दिमतीला प्रशिक्षक आणि फिजिओथेरपिस्ट असतात. आपण मात्र नेटकी झेप घ्यायला तरी शिकावे: टाच आधी टेकावी आणि गुडघा पायाच्या बोटांच्याच दिशेने वाकावा, आत झुकू नये.

‘टेनिस एल्बो’ हा शब्द मराठी घरांत रुळला तो २००४ साली सचिन तेंडुलकरमुळे. टेनिसशी, किंवा क्रिकेटशीही, त्याचे लग्न लागलेले नाही. मनगट मागे वळवणाऱ्या स्नायूंची कंडरा कोपराच्या बाहेरच्या बाजूला झिजली की तो होतो. नवखा खेळाडू रॅकेट सतत आवळून धरतो, हे त्याचे एक मोठे कारण. मूठ सैल ठेवावी आणि फटक्याच्या क्षणीच आवळावी. रॅकेटच्या तारा वीस ते बावीस पौंडांपेक्षा अधिक ताणून घेऊ नयेत. स्मॅश जोरदार बसावा म्हणून सव्वीस पौंडांचा आग्रह धरणाऱ्यांचे कोपर आधी तक्रार करते.

डोळ्याचा विचार कोणीच करत नाही. टेनिसचा चेंडू डोळ्याच्या खोबणीपेक्षा मोठा असल्याने भोवतीचे हाड बराचसा मार झेलते. फुलाचे बूच जेमतेम अडीच सेंटिमीटर व्यासाचे, ते थेट बुबुळावर बसते. दुहेरीत जाळ्याजवळ उभ्या असलेल्याने साथीदार काय करतो आहे हे वळून पाहू नये. नंबरचा चष्मा असेल तर काचा पॉलिकार्बोनेटच्या करून घ्याव्यात.

सुरुवात कशी करावी? पहिला महिना एक दिवसाआड चाळीस मिनिटे पुरेत. त्यातली पहिली दहा मिनिटे जागेवर धावणे, बाजूची पावले, खांदे व पोटऱ्या मोकळ्या करणे यांत जावीत. गाडीतून उतरून थेट कोर्टवर जाणे बंद करावे. गुण मोजून खेळण्याची घाई करू नये, कारण माणूस अंगाबाहेर झेपावतो तो गुणासाठीच. फूल उंच मारून चालते ठेवणे, सर्व्हिस आणि सहा कोपऱ्यांकडे जाऊन मध्यावर परतण्याची पावले एवढे शिकायला महिना लागतोच. सोसायटीच्या पार्किंगमधल्या फरशीवर किंवा सिमेंटवर उड्यांचे फटके टाळावेत.

चाळिशीनंतर, आणि मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान किंवा घराण्यात हृदयविकार असल्यास त्याआधीही, डॉक्टरांकडून तपासून घेऊनच सुरुवात करावी. खेळताना छातीत दडपण आले, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखू लागले, दरदरून घाम फुटला, तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून गेम पुरा करत बसू नये. खेळ तिथेच थांबवावा आणि स्वतः गाडी न चालवता रुग्णालय गाठावे.