आठ पायांचे सारेच कोळी नव्हेत

मृगाच्या पहिल्या सरीनंतर आमच्या बारामती-इंदापूरकडे लाल मखमली मृगाचा किडा पोरे कौतुकाने तळहातावर घेतात. रात्री दिव्याखाली धावत आलेला केसाळ, पिवळसर ‘सन स्पायडर’ मात्र मी बहुधा चपलेखालीच जाताना पाहिला. गंमत अशी, की दोघेही कोळ्याचे भाऊबंद. कोळी मात्र एकही नव्हे!

ओळखायचे कसे? कोळ्याचे शरीर दोन भागांचे, मध्ये बारीक कंबर. सन स्पायडरला अशी कंबर नसते. पोटावर वळ्या आणि तोंडापुढे चिमट्यासारखे दोन दणकट जबडे असतात. पुढची स्पर्शांगे पायांसारखी लांब, म्हणून पाय दहा वाटतात. तो जाळे विणत नाही, त्याला कोळ्यासारखे विषाचे दातही नाहीत. डिवचला तर कडकडून चावेल, एवढेच.

भ्यायचे ते याच गोतातल्या लाल विंचवाला. त्याच्या शेपटीची नांगी लहान मुलांच्या जिवावर बेतू शकते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून अनेकांना वाचवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणून विंचू चावला, तर मांत्रिकाकडे न जाता तडक दवाखाना गाठा. आणि सन स्पायडर दिसला, तर केरसुणीने हलकेच बाहेर लोटा. बिचारा किडे टिपायला आलेला असतो.