रज्जुमार्ग, जुने प्रवासी

रज्जुमार्ग, जुने प्रवासी : दोन स्थानकांमध्ये ताणून बसविलेल्या पोलादी तारदोराच्या आधाराने माणसे हवेतून वाहून नेणाऱ्या योजनेस प्रवासी रज्जुमार्ग म्हणतात. व्यवहारात तिला ‘रोपवे’ व तिच्यावरील डब्याला ‘ट्रॉली’ किंवा ‘पाळणा’ ही नावे रूढ आहेत. दोराला उघड्या खुर्च्या टांगलेल्या असल्यास खुर्ची-रज्जुमार्ग व बंद डबे टांगलेले असल्यास पाळणा-रज्जुमार्ग असा भेद करता येतो. विसाव्या शतकाच्या मध्यास उभारलेले असे मार्ग आता एकामागून एक बदलले जात आहेत. ते बदलण्यापूर्वी त्यांत बसून यावे, त्यांची घडण पाहून ठेवावी, या एकाच हेतूने दूरदूरचा प्रवास करणारा हौशी लोकांचा एक वर्ग युरोप-अमेरिकेत निर्माण झाला आहे. रेल्वेच्या छांदिष्टांचा हा धाकटा भाऊ म्हणावयास हरकत नाही. मात्र त्याच्यापुढील पेच अधिक बिकट आहे.

हा पेच गोंदियाच्या वाचकाला रेल्वेवरून चांगला समजेल. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेला गोंदिया–नैनपूर–जबलपूर हा ७६२ मिमी. रुंदीचा अरुंदमापी मार्ग या भागाची जुनी ओळख होती. त्याचा गोंदिया–बालाघाट हा तुकडा आधी रुंदमापी झाला; बालाघाटच्या पुढील अरुंदमापी गाड्या २०१५ मध्ये थांबल्या. शेवटच्या वर्षांत या गाड्यांतून केवळ त्यांच्यासाठी म्हणून प्रवास करणारे रेल्वेप्रेमी येत असत. त्या गाड्या गेल्या तरी त्यांच्या जातीची एंजिने व डबे नागपूरच्या मोतीबाग येथील अरुंदमापी रेल्वे संग्रहालयात (स्थापना २००२) पाहता येतात, आणि चौथऱ्यावर उभे असलेले एंजिन हे एंजिनच राहते. संग्रहालयात ठेवलेली रज्जुमार्गाची खुर्ची मात्र निव्वळ खुर्ची होते. रज्जुमार्ग हे एक अखंड यंत्र आहे : दोर, खांब, कप्प्या, पकडी, प्रतिभार आणि त्यांखालचा डोंगर मिळून ते पुरे होते. ते चालू असेपर्यंतच पाहता येते. आणि ते चालू ठेवावयाचे तर त्याचे सर्वांत महत्त्वाचे भाग जुने राहू देता येत नाहीत.

घडण : जुन्या खुर्ची-रज्जुमार्गात एकच अखंड दोर असतो. तोच खुर्च्यांचा भार पेलतो व तोच त्यांना ओढतो. वरच्या व खालच्या स्थानकांतील मोठ्या आडव्या चाकांभोवती तो फिरत राहतो. त्यांपैकी एक चाक विद्युत् चलित्राने फिरविले जाते व दुसरे वजनदार प्रतिभाराने मागे खेचून ठेवलेले असते, त्यामुळे उन्हाने दोर लांबला किंवा प्रवासी वाढले तरी ताण साधारणपणे तोच राहतो. खुर्ची दोराला लोखंडी पकडीने कायमची जखडलेली असल्याने ती स्थानकातही थांबत नाही. प्रवाशाने ठरलेल्या खुणेवर उभे राहावयाचे, खुर्ची मागून येताच बसावयाचे आणि दांडी पुढे घ्यावयाची, अशी पद्धत असते. म्हणूनच या प्रकारात दोराचा वेग सेकंदाला दोन-अडीच मीटरांपलीकडे सहसा नेत नाहीत. नव्या मार्गांवरील पकड स्थानकात आपोआप सुटते, डबा सावकाश पुढे सरकतो व बाहेर पडताना पुन्हा दोर धरतो. त्यामुळे दोर सेकंदाला पाच-सहा मीटर वेगाने धावू शकतो आणि वृद्ध माणसेही निर्धास्त चढू शकतात. तिसरा प्रकार झोक्यासारख्या ये-जा करणाऱ्या दोन डब्यांचा वा डब्यांच्या दोन गटांचा. एक वर जाताना दुसरा खाली येतो व दोघांचे वजन परस्परांना तोलते. विहिरीच्या रहाटावर दोन टोकांना दोन घागरी बांधल्या तर जे होईल तेच येथे होते.

दोर हा या यंत्राचा प्राण होय. बारीक पोलादी तारा वळून पेड व बहुधा सहा पेड वळून दोर तयार करतात. त्याची दोन टोके जोडताना गाठ मारीत नाहीत. दोन्हीकडचे पेड उलगडून एकमेकांत गुंफतात व टोके दोराच्या गाभ्यात दडवितात. हा सांधा दोराच्या व्यासाच्या सामान्यतः सु. १,२०० पट लांब असतो, म्हणजे ४० मिमी. जाडीच्या दोरास सु. ४८ मी. सांधा लागतो. चांगला सांधा बोटाने चाचपूनही सहज कळत नाही. तो करणारे कारागीर सर्वत्र थोडे आहेत. दोर प्रत्येक कप्पीवर वाकतो आणि सरळ होतो. या सततच्या वाकण्याने आतील तारा थकतात व एकेक करून तुटतात. वरून दोर धडधाकट दिसत असतानाही आत तुटलेल्या तारा असू शकतात, म्हणून चुंबकीय उपकरणाने त्याची आतून तपासणी करतात. जखडलेल्या पकडीखालचा भाग सतत दाबला जात असल्याने पकडी ठराविक मुदतीने दोरावर थोड्या पुढे सरकवाव्या लागतात. तुटलेल्या तारांची संख्या मर्यादेबाहेर गेली की दोर टाकून द्यावा लागतो. त्याबाबत तडजोड नाही.

आरंभ : तारेचा दोर १८३४ मध्ये जर्मनीतील हार्ट्‌स पर्वतातील खाणींत व्हिल्हेल्म आल्बेर्ट यांनी प्रथम प्रचारात आणला. त्यावरून आधी धातुके, कोळसा व लाकूड वाहिले गेले. माणसे नंतर आली. स्वित्झर्लंडमधील ग्रिंडेलवाल्ट येथील व्हेटरहॉर्न उद्वाहक १९०८ चा आणि रीओ दे जानेरोच्या शुगर लोफ डोंगरावरील मार्ग १९१२-१३ चा आहे. खुर्ची-रज्जुमार्गाची कथा मजेदार आहे. अमेरिकेतील युनियन पॅसिफिक रेल्वेचे अभियंते जेम्स करन यांनी केळीचे घड जहाजात चढविण्यासाठी फिरत्या दोराला आकडे लावलेले यंत्र पाहिले होते. आकड्याच्या जागी खुर्ची लावून त्यांनी १९३६ मध्ये सन व्हॅली (आयडाहो) येथे बर्फावर घसरणाऱ्या खेळाडूंसाठी पहिला मार्ग सिद्ध केला. केळ्याच्या घडाऐवजी माणूस, एवढाच काय तो फरक.

जपणुकीचे दोन प्रयत्न : स्वित्झर्लंडमधील झोलोटुर्नजवळच्या व्हाइसेनस्टाइन डोंगरावर १९५० मध्ये उभारलेल्या मार्गाच्या खुर्च्या दोराला आडव्या टांगलेल्या होत्या. प्रवासी प्रवासाच्या दिशेकडे पाठ किंवा तोंड करून नव्हे, तर कुशीवर, दरीकडे पाहत बसत. फॉन रोल या स्विस कंपनीच्या या घडणीचे मार्ग एकेकाळी अनेक होते. नव्या सुरक्षा-नियमांत तो बसेना, म्हणून २००९ मध्ये तो बंद झाला. वारसा जपणाऱ्या संस्थेने न्यायालयापर्यंत झुंज दिली. तथापि जुना मार्ग उतरविण्यात येऊन २०१४ च्या अखेरीस तेथे बंद पाळण्यांचा नवा मार्ग सुरू झाला. अमेरिकेतील व्हर्‌माँट राज्यातील मॅड रिव्हर ग्लेन येथे याच्या उलट घडले. १९४८ चा एकेका खुर्चीचा मार्ग थकल्यावर तेथील सहकारी संस्थेच्या सभासदांनी दोघांच्या खुर्चीचा नवा मार्ग घेण्याऐवजी एका खुर्चीचाच मार्ग पुन्हा उभारण्याचे ठरविले. २००७ मध्ये खांब उतरवून, दुरुस्त करून परत बसविले व झिजणारे गतिमान भाग नवे घातले. यात ‘जुने’ किती उरले, असा प्रश्न काटेकोर हौशी विचारतात. प्रस्तुत लेखकाच्या मते तो प्रश्न गैरलागू आहे. १९४८ चा दोर २००७ पर्यंत टिकविणे हे जपणूक नसून गुन्हा ठरला असता. जपावयाची असते ती मार्गाची चाल : एकट्याने बसणे, न थांबणारी खुर्ची, खांबावरून जाताना कप्प्यांचा खडखडाट आणि मधली शांतता.

जॉर्जियातील चिआतुरा या खाणगावाची गोष्ट याहून वेगळी आहे. भंडारा–बालाघाट पट्ट्याप्रमाणे तेही मँगॅनीजचे गाव आहे. आपल्याकडे हे धातुक सपाटीवरून रेल्वेने नेता आले. चिआतुरात खाणी दरीच्या कड्यांवर व वस्ती नदीकाठी असल्याने १९५४ पासून कामगारांसाठी रज्जुमार्गांचे जाळे उभारावे लागले. त्या गंजक्या पत्र्याच्या डब्यांत बसण्यासाठी पुढे परदेशी हौशी लोक येऊ लागले. गावकऱ्यांना ती मौज नव्हती, कामावर जाण्याची एकमेव सोय होती. २०२१ मध्ये नवे मार्ग सुरू झाले तेव्हा पाहुणे हळहळले. गावकऱ्यांनी तसे हळहळावे, अशी अपेक्षा करणे योग्य नव्हे.

भारतातील मार्ग : विदर्भातील माणसाने सर्वांत अधिक ऐकलेला किंवा पाहिलेला जुना खुर्ची-रज्जुमार्ग बहुधा बिहारमधील राजगीरचा असावा. बुद्धगया, नालंदा, राजगीर अशी यात्रा करणारे उपासक नागपूर, भंडारा, गोंदिया येथून मोठ्या संख्येने जातात. राजगीरच्या रत्नगिरी टेकडीवर (कोकणातील रत्नागिरीशी हिचा संबंध नाही) जपानी भिक्षू निचिदात्सु फुजी यांच्या प्रेरणेने बांधलेला विश्वशांती स्तूप १९६९ मध्ये पूर्ण झाला. तेथे जाण्यासाठी त्याच सुमारास जपानी साहाय्याने एकेका खुर्चीचा मार्ग झाला. फुजी यांची व महात्मा गांधींची भेट १९३३ मध्ये वर्ध्यास झाली होती, म्हणजे या मार्गाच्या कथेचा एक धागा विदर्भातून जातो. येथे नवरा-बायकोला शेजारी बसता येत नाही. लहान मुलाला कोणी घ्यावयाचे, यावर रांगेत चर्चा होते, आणि मधेच वीज गेली की सारे यात्रेकरू झाडांच्या शेंड्यांवर एकेकटे लोंबकळत राहतात. २०२१ मध्ये शेजारीच बंद पाळण्यांचा नवा मार्ग सुरू करण्यात आला. जुन्याला हात न लावता नवा बाजूस उभारण्याचा हा मार्ग खर्चिक खरा, पण वर सांगितलेल्या पेचातून निघण्याची ती एक समंजस वाट आहे. ज्याला भीती वाटते त्याला पर्याय मिळतो व जुन्यावरील गर्दीचा भार कमी होतो.

दार्जिलिंगचा रंगीत खोऱ्यातील मार्ग १९६८ चा. चहाच्या मळ्यांवरून जाणारा हा मार्ग ऑक्टोबर २००३ मधील अपघातात चार प्रवासी दगावल्यानंतर अनेक वर्षे बंद राहिला आणि २०१२ मध्ये पुन्हा सुरू झाला. गुजरातमधील पावागढचा मार्ग १९८६ चा. तेथे जानेवारी २००३ मध्ये दोर तुटून सात जण मृत्युमुखी पडले. यावरून जुने म्हणजे धोक्याचे असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, पण तो पुरता खरा नाही. झारखंडातील देवघरजवळचा त्रिकूट मार्ग या दोहोंहून पुष्कळ नवा होता, तरी १० एप्रिल २०२२ रोजी तेथे भीषण अपघात झाला व अडकलेल्यांना सोडविण्यास हवाई दलाची हेलिकॉप्टरे आणावी लागली. वय हे एक कारण असते. तपासणी व देखभाल हे त्याहून मोठे.

गोंदियाहून सर्वांत जवळचा प्रवासी रज्जुमार्ग छत्तीसगढमधील डोंगरगढचा होय. हावडा–मुंबई लोहमार्गावर आमगाव, सालेकसा, दरेकसा ओलांडून सु. ७० किमी.वर हे गाव लागते. बम्लेश्वरी देवीच्या दर्शनास चैत्र व आश्विन नवरात्रांत पूर्व विदर्भातून भाविकांची रीघ लागते. डोंगरावरील मंदिरास हजाराहून अधिक पायऱ्या असल्याने ज्यांचे गुडघे थकले आहेत त्यांना पाळण्याचाच आधार असतो. २५ एप्रिल २०२५ रोजी तेथे झालेल्या अपघातात काही प्रवासी जखमी झाले. जबलपूरकडे गेल्यास भेडाघाटच्या धुवाधार धबधब्यापाशी नर्मदेवरून जाणारा पाळणाही पाहता येतो. डोंगरगढच्या भाविकाला पाळण्याच्या वयाशी कर्तव्य नसते. हौशी माणसाने तेथे वावरताना हे ध्यानात ठेवावे व नवरात्राची गर्दी टाळून जावे.

महाराष्ट्रातील रायगडचा रज्जुमार्ग १९९६ चा आहे. हिरकणीवाडीहून सु. ७५० मी. लांबीचा दोर किल्ल्याच्या माथ्यावर जातो आणि चौदाशेहून अधिक पायऱ्यांची चढण चार-पाच मिनिटांत संपते. ज्या कड्यावरून हिरकणी बाळाच्या ओढीने रात्री उतरली असे सांगतात, त्याच बाजूने आज आजी-आजोबा नातवंडांसह वर जातात. दोन बाजूंचे पाळणे एकमेकांना तोलत ये-जा करतात ही जुनी पद्धती येथे स्वच्छ पाहावयास मिळते. रज्जुमार्गाच्या आयुष्यात तीस वर्षे थोडी नव्हेत. सप्तशृंगी गडावर २०१८ मध्ये सुरू झालेली ट्रॉली मात्र रज्जुमार्ग नव्हे. ती रुळांवरून दोराने ओढली जाते. लोक दोहोंना एकच नाव देतात, म्हणून हा खुलासा.

पाहणी : हौशी निरीक्षक स्थानकात शिरताच प्रथम निर्मात्याची पाटी शोधतो. तीवर कंपनीचे नाव, वर्ष व क्रमांक असतो. नंतर तो खांबांची संख्या, प्रत्येक खांबावरील कप्प्यांची मांडणी, पकड जखडलेली आहे की सुटणारी, चलित्र वर आहे की खाली, प्रतिभार विहिरीत लोंबतो की उघड्यावर, यांची नोंद करतो. जुन्या मार्गांच्या स्थानकांचे बांधकामही पाहण्याजोगे असते. भारतातील मार्गांविषयी अशा नोंदी फार तुटपुंज्या आहेत. २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘पर्वतमाला’ या राष्ट्रीय योजनेची घोषणा झाल्यापासून नव्या मार्गांची कामे अनेक ठिकाणी हाती घेण्यात आली आहेत. जुना मार्ग उतरविला जातो तेव्हा खांब व खुर्च्या बहुधा भंगारात जातात, आणि पाटीही त्यांच्याबरोबर जाते. रीओच्या शुगर लोफ मार्गाचे निवृत्त डबे डोंगरावरच मांडून ठेवले आहेत. तेवढे करण्यास फारसा खर्च येत नाही. पाटी काढून घेणे, एक खुर्ची, दोराचा हातभर तुकडा व देखभालीची वही स्थानकात ठेवणे हे तर त्याहून सोपे आहे. देखभालीच्या वहीत दोर कधी बदलला, सांधा कोठे केला, पकडी कधी सरकविल्या हे सारे तारीखवार लिहिलेले असते. पुढे त्या मार्गाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला, आणि अपघाताची चौकशी करणाऱ्यालाही, तिच्याइतके विश्वसनीय साधन दुसरे नाही.